पेशी वाढल्या, मग यकृतावर डाग कसे आले?

वाचकांचे प्रश्न : बालआरोग्य

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षांचा असून वजन २० किलो आहे. त्याला रक्ताचा कर्करोग झाला आहे; डॉक्टर त्याला ‘ए.एल.एल.’ म्हणतात. केमोथेरपीच्या पहिल्या महिन्यात जवळजवळ तीन आठवडे त्याचे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १०० च्या वर गेले नाहीत. तोंड सोलवटले, जुलाब झाले, ताप आला, दोन-तीन अँटिबायोटिक्स चालू होती. पुढे त्यांचा काउंट १८०० झाला तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण ताप काही उतरेना, उलट उजव्या बरगडीखाली दुखू लागले. सोनोग्राफीत यकृत आणि प्लीहेवर बारीक डाग दिसले आणि ‘यकृतात बुरशी गेली आहे’ असे सांगण्यात आले. रक्त दोनदा कल्चरला (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला) पाठवले, दोन्ही वेळा काही उगवले नाही. आता सलाइनमधून दिले जाणारे औषध संपून तोंडाने औषध सुरू आहे आणि तीन आठवडे ताप नाही. पेशी नव्हत्या तेव्हा सोनोग्राफी चांगली होती, मग पेशी आल्यावर हे कसे झाले? आमचे घर जुने आणि ओल धरणारे आहे, बुरशी तिथून आली का? ताप गेल्यावरही औषध किती महिने द्यायचे? केमोथेरपी पुन्हा सुरू करायची म्हणतात. घरचे म्हणतात, आता नको. – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : घराचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण त्यामागे अपराधीपणाची बोच दिसते. आपल्या मुलाच्या यकृतात ज्या प्रकारची बुरशी गेल्याचे आपण लिहिता, ती बहुतेक वेळा कँडिडा जातीची असते आणि ती भिंतीवरून येत नाही. ती आपल्या सर्वांच्या तोंडात, आतड्यात आणि त्वचेवर बारा महिने राहते. ओल्या भिंतीवर किंवा बांधकामाच्या धुळीत असते ती ॲस्परजिलस ही वेगळी बुरशी. ती श्वासावाटे जाते आणि प्रामुख्याने फुप्फुसाला त्रास देते. त्यामुळे भिंतीची ओल जरूर दुरुस्त करून घ्या, फक्त ते काम मूल घरात नसताना करा. पण यकृतातील डागांचे खापर त्या भिंतीवर फोडू नका.

आतड्यातील कँडिडाला तीन गोष्टी जागच्या जागी ठेवतात. आतड्याचे अखंड अस्तर, तिथेच राहणारे आणि तिला पसरायला जागा न देणारे जिवाणू, आणि अस्तर ओलांडून आलेल्या बुरशीला गिळून टाकणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी. आपल्या मुलाच्या बाबतीत पहिल्या महिन्यात या तिन्ही गोष्टी एकदमच कोसळल्या : केमोथेरपीने तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तर सोलवटले, अँटिबायोटिक्सनी जिवाणू मारले, आणि न्यूट्रोफिल तर जवळजवळ नव्हतेच. उपचारातील स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती आणखी दबते, ते वेगळेच. आतड्यातून निघणारे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून ते आधी यकृतात जाऊन तिथे गाळले जाते. म्हणून आतड्याची भिंत ओलांडलेल्या बुरशीचा पहिला मुक्काम यकृतात पडतो, आणि रक्तातून फिरणारी बुरशी अडवणारी प्लीहा, म्हणजे आपल्याकडची पानथरी, हा दुसरा मुक्काम ठरतो.

आता पेशी वाढल्यावर डाग कसे दिसले, हा आपला खरा प्रश्न. पायात काटा मोडला की पहिल्या दिवशी त्या जागी फारसे काही दिसत नाही. दोन दिवसांनी ती जागा सुजते, लाल होते, ठणकते आणि पिकते. ती सूज आणि तो पू काट्याने आणलेला नसतो, काट्याभोवती धावून आलेल्या आपल्याच पेशींचा तो जमाव असतो. न्यूट्रोफिल १०० च्या खाली असताना हा जमाव करायला कोणी शिल्लकच नव्हते. बुरशीच्या सूक्ष्म वसाहती यकृतात तेव्हाही असणार, पण त्यांच्याभोवती सूज नसल्यामुळे ना पोट दुखले, ना सोनोग्राफीत काही दिसले. काउंट वर आला, पेशी यकृतात पोहोचल्या, त्यांनी प्रत्येक वसाहतीला वेढा घातला, आणि ते वेढेच सोनोग्राफीच्या पडद्यावर गोलात गोल असे दिसू लागले. अहवालात त्याला ‘बुल्स आय’ म्हटलेले आपण वाचले असेल. या आजारात काउंट सुधारत असताना ताप टिकणे आणि डाग उमटणे हा नेहमीचा क्रम आहे. म्हणूनच अनुभवी डॉक्टर अशा मुलाची सोनोग्राफी काउंट वर आल्यावर पुन्हा करतात, आणि शंका राहिली तर एमआरआय करतात, कारण हे बारीक डाग त्यात सर्वांत चांगले दिसतात. शरीराचा हा प्रतिसाद कधी कधी इतका जोरकस असतो की बुरशीविरोधी औषध योग्य असूनही ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही. अशा निवडक मुलांना बुरशीचे औषध चालू ठेवून एक-दोन आठवडे सूज कमी करणारे औषध किंवा स्टेरॉइड दिले जाते. संसर्गात स्टेरॉइड हे ऐकायला उलटे वाटते, पण त्यामागचे कारण हेच आहे. अर्थात तो निर्णय पूर्णपणे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा.

रक्ताच्या अहवालाविषयी पालक बहुधा बिलिरुबिनचा आकडा पाहतात आणि कावीळ नाही म्हणून निश्चिंत होतात. या आजारात कावीळ नसणे नेहमीचेच आहे, यकृताला इजा झाली की वाढणारे एसजीपीटी हे एन्झाइमही अनेकदा थोडेच वाढलेले असते. जो आकडा चढतो तो अल्कलाइन फॉस्फेटेजचा. यात मुलांपुरती एक मेख आहे. हेच एन्झाइम वाढत्या हाडांतूनही येते, त्यामुळे ७ वर्षांच्या निरोगी मुलाचा आकडाही प्रौढांसाठी छापलेल्या मर्यादेपेक्षा बराच जास्त असतो आणि छापील कागदावर त्याच्यापुढे ठळक खूण उमटते. वाढ यकृताची की हाडांची हे पाहण्यासाठी सोबत जीजीटी हे यकृताचे दुसरे एन्झाइम तपासतात, कारण ते हाडांतून येत नाही.

कल्चरमध्ये काही उगवले नाही म्हणजे निदान चुकले, असे समजू नये. बुरशी यकृतात कोंडलेली असते, रक्तात क्वचित सापडते. शिवाय औषध आधीच सुरू झालेले असते. मात्र यकृत आणि प्लीहेवर बारीक डाग देणारे आपल्या देशातील दुसरे मोठे कारण क्षयरोग आहे, आणि मूळ कर्करोगाच्या पेशी किंवा जिवाणूंचे गळू यांचाही विचार करावा लागतो. त्यामुळे चित्र स्पष्ट नसेल आणि प्लेटलेट पुरेशा असतील तर डॉक्टर सुईने यकृताचा तुकडा घेण्याचे सुचवतात. त्यातही बुरशी उगवेलच असे नाही. तुकड्याला खास रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तिचे गोल कण आणि तंतू शोधावे लागतात. आपण बायोप्सीविषयी काही लिहिलेले नाही. ती झाली नसेल तर का झाली नाही, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि त्याला सरळ उत्तरही असू शकते : आजाराचा क्रम इतका नेहमीचा होता आणि औषधाला प्रतिसाद इतका स्पष्ट होता की सुई टोचण्याचा धोका पत्करण्याचे कारण उरले नाही.

औषधांकडे वळू. सुरुवातीच्या काही आठवड्यांत शिरेतून दिलेले औषध बहुधा लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन असेल. २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत ज्याच्या एकेका कुपीसाठी लोक वणवण फिरले, तेच हे. किलोमागे रोज ३ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ६० ते १०० मिलिग्रॅम. ५० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या. ते साध्या मिठाच्या सलाइनमध्ये मिसळत नाहीत, डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, म्हणून परिचारिका बाटली दोनदा वाचून पाहते. या औषधाने मूत्रपिंडावर ताण येतो, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घसरते. त्यासाठीच ती वारंवारची रक्ततपासणी होती. काही ठिकाणी त्याऐवजी कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिन देतात. त्यानंतरचे तोंडाने घ्यायचे औषध बहुतेक वेळा फ्लुकोनॅझोल असते, मुलांमध्ये किलोमागे ६ ते १२ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. जेवणाआधी की नंतर, याने फरक पडत नाही.

ते किती दिवस द्यायचे? आपल्या पत्रातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नातेवाइकांचा सल्ला इथेच घात करू शकतो. ताप गेला म्हणजे वेढा घट्ट बसला एवढेच कळते. वेढ्याच्या आतील बुरशी मेली की नाही ते कळत नाही. औषध पुढच्या सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये डाग नाहीसे होईपर्यंत, किंवा त्यांचे कॅल्शियम साचलेले सुके व्रण उरेपर्यंत द्यावे लागते, आणि त्याला सहसा कित्येक महिने लागतात. मध्येच बंद केलेल्या मुलांमध्ये पुढच्या केमोथेरपीत काउंट पडला की तीच बुरशी पुन्हा डोके वर काढते. डाग गेले तरी काउंट पाडणारी केमोथेरपी जोवर चालू आहे तोवर औषधाचे संरक्षण ठेवतात. तीन आठवडे ताप नाही, ही फार चांगली बातमी आहे, पण औषध थांबवायला ती पुरत नाही.

केमोथेरपीचे म्हणाल तर ती अनिश्चित काळ पुढे ढकलणे, हा माझ्या मते घरच्यांच्या काळजीतून आलेला परंतु सर्वांत धोक्याचा सल्ला आहे. ए.एल.एल. हा मुलांमध्ये बरा होणारा कर्करोग आहे, पण ठरलेले उपचार वेळेवर पूर्ण झाले तर. संसर्ग आटोक्यात येत असेल तर बुरशीचे औषध चालू ठेवून केमोथेरपी पुढे नेता येते आणि ती या डागांसाठी लांबवू नये, अशीच या विषयातील मार्गदर्शक सूचनांची दिशा आहे. फक्त एका गोष्टीत आपण स्वतः डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. व्हिनक्रिस्टिन हे केमोथेरपीचे इंजेक्शन आपल्या मुलाच्या उपचारात असणारच. व्होरिकोनॅझोल, पोसॅकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधे यकृतातील ज्या एन्झाइमला रोखतात, तेच व्हिनक्रिस्टिनचा निचरा करते. दोन्ही एकत्र पडली तर व्हिनक्रिस्टिन शरीरात साचते आणि नसांना इजा होते. फ्लुकोनॅझोलमध्ये हा परिणाम सौम्य असला तरी असतो. शौचाला अनेक दिवस न होणे, पोट फुगणे, जबडा दुखणे, चालताना पाऊल घासत टाकणे, झटका येणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात औषध बदलून मिळाले तर ते सुरू करण्याआधी कर्करोग विभागाला फोन करा.

आपण न विचारलेली एक गोष्ट : कँडिडा रक्तातून डोळ्याच्या पडद्यापर्यंतही जाऊ शकते. बाहुली मोठी करून डोळे तपासले गेले नसतील तर तशी आठवण करून द्या.

प्रश्न : माझा नातू दोन महिन्यांचा आहे. त्याच्या जिभेवर पांढरा थर आहे आणि डॉक्टरांनी तो कँडिडा असल्याचे सांगितले. ही बुरशी यकृतात जाते असे वाचून झोप उडाली आहे. – एक आजी, लातूर

उत्तर : झोप उडवून घेऊ नका. पूर्ण दिवसांच्या, दूध पिणाऱ्या, वजन वाढत असलेल्या बाळाच्या तोंडातील हा थर तोंडापुरताच असतो. दुधाची साय ओल्या फडक्याने पुसली जाते, हा थर सहज पुसला जात नाही. ओरबाडून काढू नका. डॉक्टरांनी दिलेले तोंडात लावायचे औषध सांगितलेले सर्व दिवस लावा, आईच्या स्तनाग्रांना खाज किंवा जळजळ असेल तर तिच्यावरही उपचार करून घ्या, बाटली वापरत असाल तर उकळा. रक्तावाटे पसरण्याची खरी भीती असते ती दिवस भरण्याच्या फार आधी जन्मलेल्या, अतिदक्षता विभागात नळ्या लावलेल्या बाळांना. वर्षाच्या पुढच्या मुलात मात्र अँटिबायोटिक किंवा दम्याचा पंप यांसारखे कारण नसताना असा थर वारंवार येत असेल, तर एचआयव्हीसह प्रतिकारशक्तीची तपासणी करावी लागते.

प्रश्न : पुतणीला ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) उपचारांत यकृताचा बुरशीसंसर्ग झाला आहे. यकृतासाठी गुळवेलीचा काढा आणि पोटासाठी प्रोबायोटिकची पुडी देत आहोत. इडली, पाव, ताक बंद करावे का? – एक काका, नाशिक

उत्तर : काढा आजच थांबवा. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता. हा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा. आपल्या पुतणीच्या यकृतावर आज संसर्ग, केमोथेरपी आणि बुरशीविरोधी औषध अशी तीन ओझी आहेत. मेर्काप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट या केमोथेरपीच्या औषधांनीही एसजीपीटी वाढते, फ्लुकोनॅझोलनेही वाढते. त्यात काढ्याची भर पडली की आकडा वाढल्यावर डॉक्टरांना नेमके कोणते औषध थांबवावे हे कळत नाही आणि अनेकदा नको ते थांबते. गावाकडच्या काविळीच्या औषधालाही हेच लागू आहे.

पुडीच्या पाठीमागचा मजकूर वाचा. जुलाबावर आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या अनेक पुड्यांत सॅकरोमायसिस बुलार्डी असते, आणि ती जिवंत यीस्ट, म्हणजे एक बुरशीच, आहे. निरोगी मुलाला तिचा त्रास होत नाही. परंतु प्रतिकारशक्ती दबलेल्या, छातीत पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) किंवा दंडात लांब नळी असलेल्या रुग्णांच्या रक्तात हीच यीस्ट सापडल्याची उदाहरणे आहेत. कित्येकदा ती पोटातून जातच नाही. पुडी फाडताना उडालेली भुकटी बोटांना लागते आणि त्याच बोटांनी नळीचे झाकण उघडले जाते. म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या मुलासाठी फाडलेली पुडीसुद्धा निरुपद्रवी नाही.

इडली आणि पाव यांतील यीस्ट शिजताना मरते, ते ताजे आणि गरम खाऊ द्या. काउंट कमी असेल तेव्हा ताक, विकतचे दही, बुरशीची साय धरलेले लोणचे आणि न सोललेली फळे टाळावीत. त्याने कँडिडा दूर राहते असे नाही, कारण ती आधीच आत आहे. त्याचा उपयोग इतर संसर्ग टाळण्यासाठी आहे.

प्रश्न : कर्करोग नसलेल्या मुलांच्या यकृतात बुरशी जात नाही का? – एक शिक्षक, चंद्रपूर

उत्तर : जाते, पण बुरशी बहुधा वेगळी असते. त्यातील मुख्य हिस्टोप्लाझ्मा. पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा पडलेल्या मातीत ती वाढते, श्वासावाटे फुप्फुसात जाते, आणि बहुतेकांना पत्ताही न लागता थांबते. तान्ह्या मुलांत आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत मात्र ती शरीरभर पसरते : महिनोन् महिने ताप, वजन घटणे, फुगलेले पोट, हाताला लागणारे यकृत आणि प्लीहा, कमी झालेल्या तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी. ब्राझील आणि कोलंबियात पॅराकॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी मुलांत असेच चित्र उभे करते. तिथे यकृताजवळच्या सुजलेल्या गाठी पित्तनलिका दाबतात आणि त्यामुळे मुलाला कावीळही होते. ती आपल्याकडे आढळत नाही.

हिस्टोप्लाझ्माचा शोध लागला तोच चुकीच्या नावाने. सॅम्युअल डार्लिंग या अमेरिकी डॉक्टरांना पनामा कालव्याच्या कामावर मरण पावलेल्या मजुरांच्या यकृत आणि प्लीहेत १९०५ च्या सुमारास काही सूक्ष्म गोल कण दिसले. ते काळा आजाराच्या (वाळूमाशीमुळे पसरणाऱ्या ‘काला आझार’ तापाच्या) परजीवीसारखे दिसत असल्यामुळे त्यांनी तो एकपेशीय परजीवी प्राणी ठरवला आणि त्याला कवच आहे असे समजून नावात ‘कॅप्सुलेटम’ जोडले. त्याला कवच नव्हते आणि तो प्राणीही नव्हता. ती बुरशी आहे हे प्रयोगशाळेत वाढवून १९३४ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात सिद्ध झाले, आणि त्यासाठी वापरलेला नमुना एका तान्ह्या बाळाचा होता.

डार्लिंग यांची चूक आजही होते, म्हणून ही हकिकत सांगितली. मोठी प्लीहा आणि दीर्घ ताप घेऊन मूल आले की आपल्याकडे मलेरिया, क्षय, काळा आजार आणि ल्युकेमिया यांचा विचार आधी होतो, आणि तो योग्यच आहे. गंगेच्या खोऱ्यात तर काळा आजार आणि हिस्टोप्लाझ्मा दोन्ही आढळतात. गंमत म्हणजे ॲम्फोटेरिसिन या दोन्हींवर चालते, त्यामुळे मूल सुधारले तरी निदान चुकलेलेच राहू शकते. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. काळा आजाराचे उपचार थोड्या दिवसांत संपतात, हिस्टोप्लाझ्मासाठी नंतर अनेक महिने इट्राकोनॅझोल घ्यावे लागते. अशा मुलाची अस्थिमज्जा तपासायची ठरली असेल तर पालकांनी एवढे विचारावे, की त्यातील एक काच बुरशीच्या खास रंगासाठी आणि थोडा नमुना बुरशीच्या कल्चरसाठी वेगळा काढणार आहात का. हे कल्चर काही आठवडे ठेवावे लागते, म्हणून पहिल्या आठवड्यातील ‘काही उगवले नाही’ हा अहवाल अंतिम धरायचा नसतो.